विषाणू तोच, मग ते माकड निरोगी कसे?

रत्नागिरी, राजापूर, चिपळूण, खेड, दापोली. आपल्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी घरांची चूल दुबई, कुवेत, कतार आणि सौदीतून येणाऱ्या पैशावर पेटते. आखातात नोकरीला जायचे म्हणजे आधी ‘मेडिकल’ करावे लागते. छातीचा एक्स-रे काढतात, रक्त घेतात. त्याच रक्तात एचआयव्हीचीही तपासणी होते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की ‘अनफिट’चा शिक्का बसतो आणि व्हिसा मिळत नाही. एरवी दवाखान्याची पायरी न चढलेल्या धडधाकट तरुणाला आपल्या रक्तात काय आहे, हे अनेकदा अशा वेळीच पहिल्यांदा कळते.

नोकरी तर जातेच. पण त्यानंतर घरात जे सुरू होते ते अधिक जड असते. ठरलेला निकाह मोडतो. ताट-वाटी वेगळी होते. कुणाला कळू नये म्हणून तोंड मिटून बसायचे ठरते. आणि “मला काही त्रास तर होत नाही, मग गोळ्या कशाला?” असे म्हणून तो मुलगा उपचारच टाळतो. या सगळ्यात शेवटची गोष्ट सर्वांत घातक. ती का घातक, हे शास्त्रज्ञांना कळले त्यात माकडांचा मोठा वाटा आहे. म्हणून या वेळी आम्ही वाचकांना थोडे लांब, आफ्रिकेच्या जंगलात घेऊन जाणार आहोत. तिथून पुण्याला आणि मग परत आपल्या रत्नागिरीला येऊ.

आफ्रिकेतली माकडे आणि त्यांचा जुना सोबती

एचआयव्ही हा विषाणू आकाशातून पडलेला नाही. त्याची भावंडे आफ्रिकेतल्या ४० हून अधिक जातींच्या माकडांत आणि वानरांत आढळतात. त्यांना ‘एसआयव्ही’ म्हणतात. पश्चिम आफ्रिकेत सूटी मँगबी नावाचे धुरकट रंगाचे माकड आहे. सहाराच्या दक्षिणेला ठिकठिकाणी हिरवट अंगाचे ‘आफ्रिकन ग्रीन’ माकड दिसते. या दोन्ही जातींत एसआयव्ही सर्रास असतो. हे नाते किती जुने असावे? आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या बिओको बेटावरील माकडांच्या विषाणूंचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यावरून एसआयव्ही निदान ३२,००० वर्षे तरी जुना आहे, असे दिसले.

शिकार करताना, मांस कापताना माकडाचे रक्त माणसाच्या जखमेत गेले आणि विषाणू माणसात आला. जगभर पसरलेला एचआयव्ही-१ हा आग्नेय कॅमेरूनमधील चिंपांझींकडून आला. त्याचा धाकटा भाऊ एचआयव्ही-२ हा सूटी मँगबीकडून आला. हा धाकटा भाऊ मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतला. पण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तो आपल्या महाराष्ट्रात आणि गोव्यातही सापडला. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

इथे एक शंका लगेच दूर करू. आपल्या आंबा-काजूच्या बागांत धुडगूस घालणारी माकडे आणि वानर यांच्यापासून एचआयव्ही होतो का? नाही. आशियातल्या रानातल्या माकडांत हा विषाणू नाही. माकड चावले तर भीती रेबीजची. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने भरपूर धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची.

आपले माकड आजारी, त्यांचे निरोगी

आता खरे कोडे. सूटी मँगबीच्या रक्तात विषाणू मोजला तर तो भरपूर सापडतो. उपचार न घेतलेल्या एचआयव्ही रुग्णाच्या रक्तात असतो तेवढा, कधी त्याहूनही जास्त. तरीही त्या माकडाला सहसा एड्स होत नाही. ते खाते-पिते, पिल्ले वाढवते आणि म्हातारे होऊन मरते.

हाच विषाणू भारतीय माकडात गेला तेव्हा मात्र वेगळे घडले. उत्तर भारतातले आखूड शेपटीचे, तांबड्या तोंडाचे ‘ऱ्हीसस’ माकड हे आपल्या कोकणातल्या माकडाचे चुलत भावंड. आपल्या रक्तगटापुढे जे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लागते, त्या ‘आरएच’चे नाव याच माकडावरून पडले. पोलिओच्या लशीसाठी आणि इतर संशोधनासाठी ही माकडे भारतातून फार मोठ्या संख्येने परदेशी जात असत. १९७८ साली मोरारजी देसाई यांच्या सरकारने ही निर्यात बंद केली. पण तोवर गेलेल्या माकडांची वीण अमेरिकेतल्या संशोधन केंद्रांत वाढली होती. तिथे आफ्रिकेतून आणलेली मँगबी माकडेही होती. त्यांचा विषाणू ऱ्हीससमध्ये शिरला. ऱ्हीसस माकडे खंगू लागली, नाना जंतूंनी आजारी पडू लागली. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांच्यात एसआयव्ही ओळखला. त्या माकडांना जे झाले होते तो हुबेहूब एड्स होता.

विषाणू एकच, पण आफ्रिकेतल्या माकडाला त्याचे काही नाही आणि भारतीय माकडाला त्याने मरण. चिंपांझीचेही तसेच. टांझानियातल्या गोंबे जंगलातल्या चिंपांझींवरील अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात विषाणू असलेल्या चिंपांझींना मरणाचा धोका इतरांपेक्षा १० ते १६ पट जास्त दिसला. माणूसही याच रांगेतला. म्हणजे फरक नुसत्या विषाणूत नाही, तो ज्याच्या अंगात शिरला त्याच्या पेशी काय करतात यातही आहे.

बागेचा राखणदार झोपलाच नाही तर

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींची एक फौज असते. तिच्यातल्या ‘सीडी-४’ पेशी म्हणजे मुकादम. कुठे कोण घुसले, कुणी कुठे धावायचे, हे त्या ठरवतात. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १,५०० असतात. एचआयव्ही नेमका या मुकादमांच्या अंगात शिरतो. शिरण्यासाठी त्याला पेशीवर दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे सीडी-४ हे दार, आणि दुसरी ‘सीसीआर-५’ नावाची कडी.

पूर्वी समज असा होता की विषाणू पेशी मारतो, पेशी संपतात, माणूस आजारी पडतो. हे खरे आहे, पण अर्धेच. तेवढेच असते तर मँगबीही आजारी पडले असते. उरलेले अर्धे समजायला आपल्या हापूसच्या बागेचे उदाहरण पाहू.

आंबा तयार होऊ लागला की बागेत राखणदार ठेवतात. माकडांची टोळी आली की तो डबा बडवतो, फटाका लावतो, गलोल मारतो. टोळी पळते आणि तोही टेकतो. पण टोळी गेलीच नाही आणि राखणदार, गडी, मालक सगळेच रात्रंदिवस डबे बडवत राहिले, तर काय होईल? शिंपण राहील, काढणी राहील, माणसे थकून पडतील. त्या गोंधळात बागेचा गडगा ढासळला तर बाहेरची गुरेही आत शिरतील. बागेचे जेवढे नुकसान माकडांनी केले नसते, तेवढे या न थांबणाऱ्या धावपळीने होईल.

माणसाच्या आणि ऱ्हीससच्या अंगात हेच घडते. सीडी-४ पेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तिथल्या असंख्य पेशी मरतात. त्यांत आतड्याचा ‘गडगा’ शाबूत ठेवणाऱ्या खास पेशीही जातात. गडगा ढासळतो आणि आतड्यातल्या जंतूंचे अंश रक्तात झिरपतात. हे २००६ साली स्पष्ट झाले. फौजेला वाटते, नवा शत्रू आला. ती आणखी डबे बडवते. इथे विषाणूची खरी चांदी होते, कारण तो जाग्या, धावणाऱ्या सीडी-४ पेशीतच सर्वांत जोरात वाढतो. फौज जितकी चवताळेल तितके त्याला खाद्य मिळते. वर्षानुवर्षे हे चालते. माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो, आतून मात्र झिजत असतो. सीडी-४ पेशी २०० च्या खाली आल्या की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. मग क्षयासारखे रोग गाठतात.

मँगबीच्या पेशी काय वेगळे करतात?

आफ्रिकेतली माकडे लढत नाहीत असे मुळीच नाही. लागण होताच त्यांच्या अंगातही धोक्याची घंटा जोरात वाजते. ‘इंटरफेरॉन’ नावाचे रसायन हीच ती घंटा. फरक पुढे आहे. २००९ मध्ये आलेल्या अभ्यासांत दिसले की ग्रीन माकडात आणि मँगबीत ही घंटा काही आठवड्यांत शांत होते. ऱ्हीससमध्ये ती वाजतच राहते. विषाणू दोघांच्याही रक्तात असतो. पण एकाच्या फौजेला थांबणे जमते, दुसऱ्याच्या फौजेला जमत नाही.

दुसरे असे की त्यांचा गडगा ढासळत नाही. आतड्यातल्या सीडी-४ पेशी त्यांच्याही मरतात, पण अस्तर राखणाऱ्या पेशी टिकतात आणि जंतूंचे अंश रक्तात येत नाहीत.

तिसरी गोष्ट शेतकऱ्याला लगेच पटेल. घरात कितीही तंगी असली तरी बियाण्याचे भात कुणी शिजवत नाही. ते संपले तर पुढच्या वर्षी पेरणार काय? आपल्या फौजेतही अशा ‘बियाण्याच्या’ पेशी असतात. त्या जुन्या आजारांची आठवण ठेवतात आणि गरज पडेल तेव्हा नवी फौज उभी करतात. मँगबीच्या या पेशींवर सीसीआर-५ ची कडी फार कमी असते, म्हणून विषाणूला आत शिरता येत नाही. ग्रीन माकडाची युक्ती त्याहून न्यारी. त्याच्या पेशी आठवण ठेवण्याइतक्या मुरल्या की सीडी-४ हे दारच काढून टाकतात, आणि काम मात्र चालूच ठेवतात. शिवाय ‘नॅचरल किलर’ नावाच्या पेशी त्याच्या लसीकाग्रंथींच्या आत शिरून विषाणूला तिथे दबा धरू देत नाहीत, हे २०१७ मध्ये दिसून आले.

ऱ्हीससलाही अल्लाहने काही दिलेले नाही असे नाही. त्याच्या पेशीत ‘ट्रिम-५ अल्फा’ नावाचे प्रथिन आहे. माणसाचा एचआयव्ही-१ आत शिरला की ते त्याला तिथेच निकामी करते. हे २००४ साली सापडले. म्हणून माणसाचा विषाणू ऱ्हीससमध्ये टिकत नाही. पण मँगबीकडून आलेल्या विषाणूला हे प्रथिन पुरेसे अडवू शकले नाही. ज्याने ज्या शत्रूसोबत हजारो पिढ्या काढल्या, त्यालाच त्याच्याशी जुळवून घेणे जमले.

मग घंटाच बंद करावी का?

हा प्रश्न कुणालाही सुचेल. तो शास्त्रज्ञांनाही सुचला. २०१४ मध्ये त्यांनी ऱ्हीसस माकडांत लागणीच्या वेळीच इंटरफेरॉनचे काम औषधाने रोखून पाहिले. परिणाम उलटा झाला. विषाणू वाढला आणि माकडांना एड्स लवकर झाला. म्हणजे सुरुवातीला घंटा वाजलीच पाहिजे, पण वेळेवर थांबलीही पाहिजे. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ काढा किंवा भुकटी विकणाऱ्यांच्या जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवावे. या आजारात नुसते ‘वाढवून’ काही साधत नाही.

मँगबीला जे जन्मतः जमते ते माणसाला जमत नाही. पण माणसाने दुसरा रस्ता शोधला. औषधाने विषाणूची वाढच रोखली की फौजेला धावण्याचे कारण उरत नाही आणि घंटा बरीचशी शांत होते. म्हणूनच उपचार लवकर सुरू करण्याला एवढे महत्त्व आहे. पूर्वी सीडी-४ पेशी खूप खाली येईपर्यंत थांबत असत. ३५ देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल २०१५ मध्ये आले. सीडी-४ पेशी ५०० च्या वर असतानाच ज्यांनी गोळ्या सुरू केल्या, त्यांच्यात गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी झाले. “मला काही त्रास नाही” म्हणणारा तरुण नेमकी हीच मोलाची वर्षे घालवत असतो. त्याला त्रास जाणवत नाही, पण त्याच्या आतल्या राखणदाराचा डबा चालूच असतो.

औषध घेऊनही आतली थोडी धुसफूस राहते आणि त्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो. भारतासह १२ देशांत झालेल्या आणखी एका चाचणीत एचआयव्ही असलेल्या लोकांना कोलेस्टेरॉलची एक साधी गोळी दिली. हृदयाचे मोठे आजार त्यांच्यात सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. हे २०२३ मध्ये कळले. तेव्हा तंबाखू आणि सिगारेट सोडणे, रक्तदाब आणि साखर तपासणे हेही या उपचाराचाच भाग समजावे.

पुणे, चेन्नई आणि एक गायतोंडे

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी ते शोधून काढले. सुनीती या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. लोक एचआयव्हीच्या रुग्णाला हात लावायला घाबरत, त्या काळात त्यांनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने उपचार आणि संशोधनाचे केंद्र काढले. एचआयव्ही असलेल्या मुला-मुलींची लग्नेही त्या जुळवून देत. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

पुण्याजवळ भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. नवरा-बायकोपैकी एकालाच एचआयव्ही असलेल्या १,७६३ जोडप्यांची नऊ देशांत चाचणी झाली, त्यात पुणे आणि चेन्नईही होते. २०११ मध्ये निकाल आला. लवकर औषध सुरू केलेल्या रुग्णाकडून जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटले. पुढे आणखी अभ्यास झाले आणि आज डॉक्टर ठामपणे सांगतात की नियमित औषधाने ज्याच्या रक्तात विषाणू मोजणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

घरात काय करावे?

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर आधी तो पक्का करून घ्यावा. रत्नागिरीच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात तपासणी, समुपदेशन आणि एआरटी उपचार मिळतात. भारतात सरकारी एआरटी १ एप्रिल २००४ पासून मोफत आहे. २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान झाले की औषध सुरू करतात. बहुतेकांना तीन औषधे एकत्र असलेली एकच गोळी रोज घ्यावी लागते. विषाणू एचआयव्ही-१ आहे की एचआयव्ही-२, हेही विचारून घ्यावे. काही जुनी औषधे एचआयव्ही-२ वर चालत नाहीत. गोळी चुकवू नये, मनाने बंद करू नये. रमजानमध्ये सहरी आणि इफ्तारच्या वेळा पाहून गोळीची वेळ डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी.

एका ताटात जेवल्याने, एकाच घागरीचे पाणी प्यायल्याने, मुसाफा केल्याने, गळाभेट घेतल्याने, एका सफेत खांद्याला खांदा लावून नमाज पढल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही होत नाही. वस्तरा आणि दात घासायचा ब्रश मात्र प्रत्येकाचा वेगळा असावा, आणि हे सर्वांच्याच घरात असावे. मय्यतीला गुसल देणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, जखम असेल ती झाकावी. ही काळजी कोणत्याही मय्यतीला गुसल देताना घ्यायची असते. ती घेतली की एचआयव्ही असलेल्या माणसाला गुसलपासून वंचित ठेवण्याचे काही कारण उरत नाही.

निकाहआधी खरे सांगावे. लपवलेली गोष्ट दुसऱ्याच्या मुलीवर किंवा मुलावर अन्याय करते. पण खरे सांगितल्यावर, दोघांनी समजून-उमजून, समुपदेशकाशी बोलून निकाह करायचे ठरवले तर तो होऊ शकतो, आणि मुलेही होऊ शकतात. आईने वेळेत आणि नियमित औषध घेतले तर बाळाला लागण होण्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. म्हणून प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी पहिल्या भेटीतच व्हावी. सासूबाईंनी त्याला नाक मुरडू नये.

आणि कायदा माहीत असावा. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या आजारामुळे नोकरी, शाळा, दवाखाना किंवा भाड्याचे घर यांबाबत भेदभाव करता येत नाही. रुग्णाच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि त्याचा रिपोर्ट गावभर करता येत नाही. घरातल्या कुणाशी बोलता येत नसेल तर १०९७ हा सरकारी मदत क्रमांक आहे. तिथे नाव न सांगता विचारता येते.

आखाताचा एक दरवाजा बंद झाला तरी त्या मुलाचे आयुष्य संपलेले नसते. रोजची एक गोळी घेऊन तो मिरकरवाड्याच्या बंदरात काम करू शकतो, रिक्षा चालवू शकतो, बाग राखू शकतो, घर मांडू शकतो आणि इन्शाअल्लाह नातवंडेही पाहू शकतो. त्यासाठी त्याला लवकरात लवकर दवाखान्यात पोहोचायचे आहे. घरातल्या कुणीतरी त्याच्या सोबत जावे, एवढीच आमची विनंती.